सूर-शंका : माईक घेण्याआधी खोली ऐका

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याविषयी शंका पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. वडगाव, निपाणी, येळ्ळूर, नंदगड, चिकोडी, शहापूर, कुठून कुठून पत्रं आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच आहे: माईक कुठला घेऊ? अनगोळच्या एका लहान खोलीत मी बरीच वर्षं गाणाऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करतोय, आणि त्या जोरावर माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी खोली बघा, मग तोंड आणि माईक यांतलं अंतर बघा, माईकचा नंबर त्यानंतर. हा क्रम पाळला तर साध्या सामानातही ऐकण्याजोगं काम होतं. तो उलटा केला तर महागडा माईकसुद्धा तुमच्या भिंतींचा आणि शेजारच्या मिक्सरचाच आवाज जास्त चांगला टिपून देईल.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून ख्याल शिकतेय. गुरुजी धारवाडला असतात, दर आठवड्याला रियाजाचं रेकॉर्डिंग पाठव म्हणतात. आमचं घर वडगावात, शेजारीच माग आहेत, दिवसभर खडखडाट असतो. पेटी मीच वाजवते. मोबाईलवर रेकॉर्ड केलं की पेटीच पुढं येते आणि माझा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. घरी दादाचा लॅपटॉप आहे. दुकानात कंडेन्सर माईक घ्या म्हणाले. बाबांनी वीस हजार बाजूला काढलेत. काय घेऊ?
— एक विद्यार्थिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : तुझं पत्र वाचतानाच मागांचा ठेका कानात सुरू झाला. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांत तो आवाज भिंतीतून येतो, खिडकीतून येतो, फरशीतूनही पायाला जाणवतो. तिथं बसून रोज षड्ज लावणारी मुलगी म्हणजे मला फार मोलाची गोष्ट वाटते, म्हणून तुझं उत्तर सविस्तर देतो.

मोबाईल तू चटईवर किंवा पेटीवर ठेवत असशील. म्हणजे तो तोंडापासून दोनेक फुटांवर आणि पेटीच्या अगदी अंगावर. आता हिशोब बघ. अंतर निम्मं केलं की तुझा आवाज माईकपाशी ६ डेसिबलनं वाढतो. दोन फुटांवरून एका फुटावर आलीस की ६, एका फुटावरून अर्ध्या फुटावर आलीस की आणखी ६. मागांचा आवाज सगळीकडून खोलीत भरलेला असतो, तो तेवढाच राहतो. म्हणजे एक पैसाही न घालता तुझा आवाज मागांच्या तुलनेत १२ डेसिबलनं वर आला. एवढा फरक कुठलाही माईक बदलून पडत नाही.

आता कंडेन्सर की डायनॅमिक? डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज ओढत नाही, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही माईक एकाच अंतरावर ठेवले आणि दोघांची ऐकण्याची दिशा सारखी असली, तर मागांचा आणि तुझ्या आवाजाचा हिशोब जवळपास तोच राहतो. फरक वापरण्यात आहे. डायनॅमिक हा जवळून गाण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या जाळीपासून चार बोटांवर गायलीस तरी तो तक्रार करत नाही, आणि वरच्या पट्टीतला खणखणाट तो थोडा मऊ करून घेतो. मोठ्या पडद्याचा कंडेन्सर थोडा लांबून, शांत खोलीत ऐकायला खुलतो. आवाजातला श्वास, आसेचा शेवटचा धागा तो दाखवतो. तुझ्या खोलीत त्याला ती शांतता मिळणार नाही. म्हणून तुझ्यासाठी माझा कौल डायनॅमिकला.

डायनॅमिकमध्ये शुअरचा एसएम५८ घे. १९६६ पासून तो बाजारात आहे, जगभरच्या रंगमंचांवर तोच दिसतो, आणि बेळगावात कुठल्याही साउंडवाल्याकडे बघायला मिळेल. पण याच्या नकला फार आहेत. अस्सल माईक हातात घेतला की वजन कळतं, तो साधारण ३०० ग्रॅमचा असतो. भाव अर्ध्यावर आला असेल तर तो माईक घेऊ नकोस. ओळखीच्या साउंडवाल्याकडून वापरलेला मिळाला तर मात्र खुशाल घे. डायनॅमिक माईक दणकट असतो, वापरलेला घेण्यात फारशी जोखीम नाही. वापरलेला कंडेन्सर मी कुणाला घ्यायला सांगत नाही. ओल लागलेला निघाला तर पैसे गेले.

लॅपटॉपला जोडायला ऑडिओ इंटरफेस लागेल, म्हणजे माईकचा आवाज वाढवून लॅपटॉपला कळेल असा करून देणारी डबी. एक माईक लावता येतो एवढा लहान पुरे, उदाहरणार्थ फोकसराइटचा स्कार्लेट सोलो. बघताना दोनच गोष्टी विचार: २४ बिटमध्ये रेकॉर्ड होतं का, आणि माईकचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची ताकद, किती मिळतो. एसएम५८ मधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० सारख्या कंडेन्सरच्या तुलनेत तो सुमारे १७ डेसिबलनं कमी भरतो, त्यामुळे गेन कमी असलेल्या इंटरफेसवर आवाज वर आणताना सरसर ऐकू येते. ५५ डेसिबलच्या पुढं गेन असला की ख्यालाच्या आवाजाला भागतं. शिवाय कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला वायरवाला हेडफोन, आडवा दांडा असलेला बूम स्टँड आणि दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल जोड, असलेली तीन-चार मीटरची केबल. वीस हजारांत बसवताना ओढाताण होणार. तेव्हा माईक वापरलेला घे आणि इंटरफेस नवा. स्टँडवर मात्र पैसे वाचवू नकोस. हलका स्टँड माईकच्या वजनानं हळूहळू खाली येतो, आणि अर्ध्या ख्यालात तुझं लक्ष सुराऐवजी त्याच्याकडे जातं.

पेटीपाशी मला थोडं थांबायचंय, कारण आपल्याकडची निम्मी घरगुती रेकॉर्डिंगं इथंच बिघडतात. एसएम५८ समोरचं ऐकतो. मागच्या बाजूनं, जिथून केबल निघते, तिथं तो जवळपास बहिरा असतो. लोक काय करतात, माईक कपाळाच्या उंचीवर बांधून खाली तोंडाकडे झुकवतात. मग माईकच्या नजरेत आधी तोंड येतं आणि त्याच रेषेत खाली पेटी येते. तू उलट कर. माईक हनुवटीच्या थोडा खाली ठेव, तोंड वर तुझ्या ओठांकडे आणि शेपूट खाली पेटीकडे. आता पेटी त्याच्या बहिऱ्या बाजूला गेली. अंतर वीतभरापेक्षा थोडं कमी. भाता डाव्या हातानं ओढतेस ना? मग स्टँड उजव्या अंगाला, पेटीच्या पलीकडे उभा कर आणि दांडा आडवा आत आण, म्हणजे कोपर लागणार नाही. स्टँडच्या पायाखाली गोधडीची घडी घाल. भात्याचा प्रत्येक धक्का फरशीतून स्टँडवर चढतो, तो तिथंच थांबेल. पेटीला वरचं झाकण असेल तर ते बंद ठेव आणि कमी सुरांवर वाजव. गुरुजींना तुझा गळा ऐकायचाय, पेटी त्यांना पुसटशी आली तरी चालते.

खोलीचं काम घरातल्या वाकळा करतील. पण त्या कुठं टांगायच्या, यात सगळे चुकतात. माईकच्या मागच्या भिंतीवर टांगून फारसं काही मिळत नाही, कारण तिकडे माईक बघतच नाही. तो बघतो तुझ्याकडे, आणि तुझ्या पाठीमागच्या भिंतीकडे. तिथून परत येणारा आवाज थेट त्याच्या तोंडात पडतो. म्हणून दोन जाड वाकळा तुझ्या पाठीमागं दोरीवर टांग, भिंतीला चिकटवून नको, एक वीत पुढं. मधल्या पोकळीमुळे त्या जरा खालच्या सुरांनाही धरतात. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी आलं तर आणखी चांगलं. मग टाळी वाजवून बघ. आधी टाळीमागून जी पातळ झणझण येत होती ती गेली असेल, तर खोली तयार झाली.

तानपुरा ॲपवर लावतेस तर तो हेडफोनमधूनच ऐक, खोलीत सोडू नकोस. दोन्ही कान बंद केले की ख्याल गाणाऱ्या पुष्कळांचा सूर किंचित ढळतो, स्वतःचा आवाज हाडातून ऐकू येतो आणि अंदाज चुकतो. एक कान मोकळा ठेव. पण सॉफ्टवेअरमध्ये तानपुरा फक्त बंद कानाकडे वळव, नाहीतर मोकळ्या कपातून तो माईकमध्ये शिरेल. आणि ॲपचा तानपुरा पेटीला जुळवून घे. पेटीचा सूर बदलता येत नाही, ॲपचा बारीक-बारीक हलवता येतो. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीतला. तानपुरे जुळवण्यासाठी ते किती जीव टाकत, हे त्यांना ऐकलेल्या कुणालाही विचार. त्या जिल्ह्यातल्या मुलीनं दोन मिनिटं जास्त घालवून तानपुरा जुळवलाच पाहिजे.

लेव्हल लावताना मंद्रातला आलाप गाऊन लावू नकोस. तार सप्तकातली तुझी सगळ्यात जोरकस तान घे आणि मीटर −६ च्या आत राहील एवढाच गेन ठेव. आलाप त्या मानानं फार लहान दिसेल, घाबरू नकोस. २४ बिटमध्ये लहान आवाज नंतर मोठा करता येतो. फाटलेला आवाज मात्र कुणालाच शिवता येत नाही.

आणि माग बंद असण्याची वेळ तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती वेळ साधलीस तर निम्मं काम झालं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तुकोबांचे, ज्ञानोबांचे अभंग मी स्वतः चाली लावून म्हणतो. नातवंडांसाठी ते जपून ठेवायचे आहेत. मुलगा म्हणतो यूएसबी माईक घ्या, बाकी काहीच लागत नाही. खरं आहे का? शिवाय मोबाईलवर म्हटलं की 'पंढरी', 'भाव' असे शब्द आले की धप्प धप्प असा आवाज होतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : गुरुजी, मुलाचं म्हणणं तुमच्यापुरतं बरोबर आहे. एकच माणूस, एकच आवाज, शांत घर आणि वायरींचा गुंता नको, तर यूएसबी माईक घ्या. इंटरफेस त्याच्या पोटातच असतो. अट एकच: माईकला स्वतःचं हेडफोनचं छिद्र हवं. ते असलं की तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन यायच्या आधीच तुम्हाला ऐकू येतो. ते नसेल तर स्वतःचाच आवाज उशिरा कानावर पडून लय बिघडते. उद्या कुणी टाळ-मृदंगवाला सोबत बसणार असेल, तर यूएसबी माईक कमी पडेल. मग रोडचा एनटी१, पाचव्या पिढीचा, बघा. त्याला यूएसबी आहे आणि एक्सएलआरही आहे. आज लॅपटॉपला थेट लावा, पुढं इंटरफेस घेतलात तरी माईक तोच चालेल. हा कंडेन्सर आहे आणि त्याचा स्वतःचा आवाज, म्हणजे माईकच्या आतली सरसर, फक्त ४ डेसिबल आहे. रस्त्यापासून आत असलेल्या शांत खोलीत तो तुमच्यासारख्या संथ म्हणणाऱ्यांना छान साथ देईल.

धप्प आवाजाचं कारण आपल्या भाषेतच आहे. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत निघतो आणि माईकच्या पडद्यावर आदळतो. अभंगात तर पंढरी, पांडुरंग, भक्ती, भाव, बाप रखुमादेवीवरू, ओळीओळीत हेच. झोत सरळ जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून माईक ओठांच्या नेमका समोर न ठेवता थोडा बाजूला सरकवा आणि त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा. झोत बाजूनं निघून जाईल, आवाज पूर्ण मिळेल. मध्ये पॉप फिल्टर लावा. विकत मिळतोच, पण सुनबाईंकडे भरतकामाची रिंग असेल तर तिच्यावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला तरी तेच काम होतं. माईकपासून चार बोटं पुढं धरा, जाळीला चिकटवू नका.

मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगविषयी एक सांगतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हॉइस मेसेज जपून ठेवण्याची मूळ प्रत मानू नका, तो दाबून लहान केलेला असतो. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. अशा एका आवाजाच्या फाइलला तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. नातवंडांसाठी ठेवताय, तर एवढी जागा द्यायलाच हवी. प्रत्येक अभंगाआधी तारीख आणि चाल कुणाची, हे स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला फाइलचं नाव कळेलच असं नाही, तुमचा आवाज कळेल.

प्रश्न : आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. देवळात बसून मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर टाळच टाळ ऐकू येतात, म्हणणारीचं तोंड हलतंय एवढंच दिसतंय. आमच्याकडे स्पीकरवाला ॲम्प्लिफायर आणि दोन माईक आहेत. अजून काय घ्यायला पाहिजे?
— भजनी मंडळातील एक भगिनी, येळ्ळूर

उत्तर : ताई, आधी काहीच घेऊ नका, बसायची जागा बदला. टाळाचा आवाज वरच्या पट्टीत टोकदार असतो. त्यामुळे तो मोबाईलमध्ये आधी घुसतो, आणि मोबाईल त्याला घाबरून सगळंच रेकॉर्डिंग खाली ओढतो. मोबाईलमध्ये लेव्हल आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते, तिचा हा परिणाम. अभंग धरणारी बाई मोबाईलपासून हाताच्या अंतरावर, पेटी तिच्या बाजूला, पखवाज किंवा ढोलकी पाच-सहा फुटांवर आणि टाळकरणी सगळ्यांच्या मागं, दहा फुटांपलीकडे. मोबाईल जमिनीवर नको, बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर धरा. टाळ छातीपाशी धरून, फार न उघडता वाजवा. १९२५ च्या आधी विजेवरचं रेकॉर्डिंग नव्हतं, तेव्हा ध्वनिमुद्रिकांसाठी भोंग्यासमोर गायचे आणि मोठ्या आवाजाचं वाद्य लांब बसवायचे. लांब-जवळ बसवूनच तोल साधायचा, हा मार्ग तेव्हापासून चालत आलाय आणि आजही तुमच्या देवळात चालतो.

देऊळ सिमेंटच्या घुमटाचं असेल तर आत गुंजन जास्त होतं. मंडळ गाभाऱ्यापासून लांब, सभामंडपाच्या मोकळ्या बाजूला बसवा आणि खाली सतरंज्या अंथरा. एवढं करूनही पुढं जायची इच्छा झाली, तर हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या. झूमचा एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो. त्यामुळे 'विठ्ठल विठ्ठल' चा गजर चढला तरी आवाज फाटत नाही आणि लेव्हल लावत बसावं लागत नाही. मंडळातल्या कुणालाही तो सांभाळता येईल.

रेकॉर्डिंग करताना स्पीकर बंदच ठेवा. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा रेकॉर्डरमध्ये गेला की सगळं गढूळ होतं. तुमच्या दोन माईकपैकी एखाद्याच्या बुडाला तीन पिनांचा एक्सएलआर असेल, तर तो टाकून देऊ नका. पुढं इंटरफेस घेतलात की अभंग धरणारीसाठी तोच माईक उपयोगाला येईल, फक्त केबल बदलावी लागेल.

प्रश्न : मी गिटारवर मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी म्हणतो. कंडेन्सर माईक आणि इंटरफेस घेतलाय. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की अजून वाढतो. पावसाळ्यात तर पत्र्यावरच्या आवाजानं काहीच होत नाही. माईकवर बुरशी आल्यासारखीही वाटते. काय करू?
— एक तरुण, नंदगड, ता. खानापूर

उत्तर : आधी विजेचं बघू, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून घूं हा आवाज ५० आणि त्याच्या पटीत, १००, १५० असा येतो. चार्जर काढल्यावर आवाज थांबत असेल, तर तो माईकचा दोष नाही. लॅपटॉपच्या चार्जरमधून आलेला करंट यूएसबीच्या वाटेनं इंटरफेसमध्ये शिरतोय. सोपा उपाय: लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा आणि गाताना चार्जर काढून ठेवा. इन्व्हर्टरवर आवाज वाढतो, कारण बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरची वीज शुद्ध लाटेची नसते, चौकोनी असते आणि तिच्यात कितीतरी खरखर मिसळलेली असते. लाइट गेली की बॅटरीवर रेकॉर्डिंग पुरं करा. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवेही बंद करून बघा.

काही जण सांगतात की प्लगची मोठी अर्थिंगची पिन तोडली की घूं जातो. कधी जातोही. पण ते करू नका. एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर तो करंट माईकच्या जाळीवर येईल, आणि तुमचे ओठ त्या जाळीपाशी असतात. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत ते पुष्कळदा सुकलेलं किंवा तुटलेलं असतं. कोरड्या मे महिन्यात ते आणखी कमजोर होतं.

पत्र्यावरच्या पावसाशी भांडू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात जून ते सप्टेंबर तो हटणार नाही, आणि बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, फटी बुजवाव्या लागतात. पातळ पत्र्याखाली फोम चिकटवून पाऊस थांबत नाही. तेव्हा गळ्याचं रेकॉर्डिंग मेच्या आत उरकून घ्या आणि पावसाळ्यात संपादन, मिक्सिंग करा. गिटार मात्र पिकअप असेल तर तारेनं थेट इंटरफेसमध्ये लावून पावसातही रेकॉर्ड होते.

ओल ही कंडेन्सरची खरी शत्रू. त्याच्या आत अतिशय पातळ पडदा असतो, त्यावर ओलावा बसला की तडतड ऐकू येते. काम झालं की माईक स्टँडवर तसाच सोडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून कोरडं करून पुन्हा वापरा. बाहेरच्या जाळीवर बुरशी असेल तर कोरड्या मऊ कापडानं पुसा, पण आतल्या पडद्याला बोटानं किंवा कापसानं हात लावू नका. आणखी एक: कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसकडून माईकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागतो. तो चालू असताना केबल काढू-घालू नका. आधी बटण बंद, मग अर्ध्या मिनिटानं केबल.

प्रश्न : भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर खोली साउंडप्रूफ होते का?
— चिकोडी

उत्तर : नाही. ट्रे पातळ कागदी लगद्याचे असतात. बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत, आतला घुमारा किंचित कमी करतात तोही फक्त वरच्या पट्टीतला. वर ते लवकर पेट घेतात. वायरिंग असलेल्या खोलीत ते लावू नका. जाड पडदे, गाद्या, वाकळा आणि कपड्यांचं कपाट याहून चांगलं काम करतात. कायमचं करायचं असेल तर कापडात बांधलेले रॉकवुलचे, म्हणजे दगडापासून बनवलेल्या लोकरीचे, पॅनेल करून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन बीएम-८०० नावाचा कंडेन्सर स्वस्तात मिळाला. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात लावला तर अगदी बारीक आवाज येतो. माईक खराब आहे का?
— संकेश्वर

उत्तर : माईक खराबच असेल असं नाही, त्याला पुरेशी वीज मिळत नाहीये. या नावानं किती तरी कंपन्या माईक विकतात आणि सोबत लहान पिनची वायर देतात. लॅपटॉपच्या छिद्रातून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. ओळखीच्या कुणाच्या ४८ व्होल्टच्या इंटरफेसवर एक्सएलआर केबलनं लावून ऐका. तिथं बरा वाजला तर नवा माईक न घेता इंटरफेस घ्या. मन भरलं नाही तर माईक नंतर बदलता येतो, इंटरफेस वाया जाणार नाही.

प्रश्न : कराओके ट्रॅकवर गाते. ब्लूटूथ हेडफोन लावून गायलं की नंतर ऐकताना गाणं ट्रॅकच्या मागं पडलेलं असतं. माझी लय कच्ची आहे का?
— एक गृहिणी, शहापूर

उत्तर : वहिनी, लय तुमची कच्ची नाही. ब्लूटूथमधून ट्रॅक तुमच्या कानापर्यंत यायला एक दशांश सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही त्या उशिरा आलेल्या ट्रॅकबरोबर अगदी बरोबर गाता, पण माईक तुमचा आवाज लगेच टिपतो, म्हणून तो मागं दिसतो. वायरचा हेडफोन वापरा, निम्म्याहून जास्त तक्रार तिथंच मिटेल. इंटरफेस असेल तर त्यावरचं डायरेक्ट मॉनिटरचं, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकवणारं, बटण चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून स्वतःचा आवाज ऐकणं बंद ठेवा, नाहीतर तो दोनदा ऐकू येईल. सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल, तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती बारीक तुकडे साठवून पुढं पाठवतो तो आकडा, १२८ वर आणा. ४८ किलोहर्ट्‌झला त्याचा उशीर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतो. जाता-येता दोन्ही बाजूंचा आणि ड्रायव्हरचा धरला तरी गाताना जाणवत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी करणारं लहान सॉफ्टवेअर, आधी बसवून घ्या. लॅपटॉप जुना असेल आणि १२८ वर तडतड येऊ लागली तर २५६ ठेवा.

ऑडॅसिटी फुकट आहे आणि एका गाण्यापुरती पुरेशी आहे. ट्रॅक एका पट्टीवर, तुमचा आवाज दुसऱ्या पट्टीवर घ्या; दोन्ही एकत्र करून मग गोड-कडू बघत बसू नका. वेगळे असले की उद्या आवाज अर्ध्या डेसिबलनं वर हवा वाटला तरी पुन्हा गावं लागणार नाही. आधीची गाणी थोडी मागं पडलेली असतील तर तीही टाकून देऊ नका. आवाजाची पट्टी माऊसनं धरून किंचित डावीकडे सरकवा, ट्रॅकच्या समेवर तुमची सम आली की सोडा.